भुशाचे रेडकू

९ डिसेंबर २०२३, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. रेडकू पहाटेच दगावले होते आणि म्हैस पान्हा सोडत नव्हती. प्रयोगशाळेतली नोकरी सोडून मी शहराबाहेर, रांझीच्या पलीकडे गोठा बांधला, त्यातली ही पहिली म्हैस. तिची कास दगडासारखी घट्ट झाली होती. दूध आतच राहिले तर दाह होतो आणि सड कायमचे निकामी होतात, हे मला ठाऊक होते.

धार काढायला येणारे भैया म्हणाले, "दीदी, सुई लगा दें?"

मी नकार दिला. जे संप्रेरक तिच्या मेंदूतून सुटायला हवे, ते बाहेरून टोचणे मला मान्य नव्हते.

"तो फिर बच्चा बना देते हैं," ते इतक्या सहज म्हणाले की अर्थ ध्यानात यायला मला क्षणभर लागला.

त्यांनी मेलेल्या रेडकाची कातडी सोलली, मीठ चोळले, आत भुसा भरला. संध्याकाळी ते भुशाचे रेडकू चार काठ्यांवर उभे होते. डोळ्यांच्या जागी टाके. म्हशीने हुंगले, चाटले, घशातून खोल हुंकार दिला आणि पान्हा सोडला. वास, स्पर्श, चेतासंदेश, संप्रेरक: यात गूढ काहीच नव्हते. मात्र प्रत्येक धारेला ते तिच्या तोंडाशी धरून ठेवणे माझे काम होते, आणि तिच्या चाटण्याने ती कातडी हळूहळू कोमट होत असे.

आईला ते सहन होईना. "काहून ठेवलं ते अंगणात? दिवसभर मला पाहून राहिलं."

"आई, त्याला डोळेच नाहीत."

"म्हणूनच म्हणून राहिली. एवढं शिकली अन् भुसा भरत बसली."

एके दिवशी शहरात सिव्हिल लाइन्समधले काम आटोपून मी धारेच्या वेळेला परतले, तर खुंट्याजवळची जागा रिकामी होती. आईच्या हातांना माती लागलेली होती.

"मेलेल्याला किती दिवस उभं ठेवशील? पुरलं मी."

म्हैस त्या जागेकडे एकटक पाहत होती. कास पुन्हा तटतटली होती. गोठ्यात रोज तोच माणूस, तीच वेळ, तेच कपडे असावेत, हा नियम मी पहिल्यापासून पाळला होता. जनावर नव्या वासाने बुजते. रेडकू धरताना रोज घालायचे तो न धुतलेला जुना स्वेटर चढवून मी रेडकाच्या जागी जाऊन उभी राहिले. दुसरे काही सुचत नव्हते.

तिने बाही हुंगली. मग मान. खरखरीत जीभ कानामागून फिरली आणि तोच हुंकार आला, या वेळी माझ्या कानाशी.

"हिलना मत, दीदी," खालून भैया पुटपुटले.

बादलीच्या तळावर धार वाजू लागली. माझी मान कोमट झाली होती. ती मला कोण समजते आहे, हे तपासण्याची एक साधी रीत मला सुचली: स्वेटर काढून बाजूला टाकायचा. मी ती वापरली नाही. डोळे मिटून घेतले, आणि तशी उभी असताना मला इतके शांत वाटले की त्याचीच भीती वाटली.

भुशाच्या रेडकासमोर ती कधीच चार लिटरच्या वर गेली नव्हती. त्या संध्याकाळी मापात भरले साडेपाच लिटर.