अंतिम सामन्याला शंभरपैकी चौपन्न

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांचे. आईवडिलांचे आहेतच, पण ते मोजायचे नसतात. सर भूगोल शिकवत आणि वादविवाद स्पर्धेसाठी मुलं तयार करत, कारण मराठीच्या सरांना ते काम नको होतं. त्यांनी मला तीन गोष्टी शिकवल्या. उभं राहून बोलायचं, मुद्दा आकड्यांनी मांडायचा, आणि समोरचा गप्प झाला की लगेच खाली बसायचं. एवढ्या भांडवलावर मी दहावीत जिल्ह्याची स्पर्धा जिंकलो. समोरच्या शाळेची मुलगी दोन मिनिटं बोलली आणि मधेच अडखळून खाली बसली. फिरता चषक आमच्या शाळेत आला. संस्थेच्या अध्यक्षांनी खूश होऊन मला शहरातल्या वसतिगृहात जागा दिली, आणि तिथून मी इंजिनिअर झालो, आमच्या घरातला पहिला पदवीधर. चषक हातात घेतलेला माझा आणि सरांचा फोटो अजून सरांच्या बैठकीच्या खोलीत आहे. खाली त्यांच्या अक्षरात लिहिलंय, 'शाळेचा सर्वात मोठा विजय'.

ओसाकात मी पंप बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. पंप कधी सुरू व्हायचा आणि कधी थांबायचा, हे ठरवणारी प्रणाली आम्ही लिहितो. गेल्या वर्षीपर्यंत मी करारावर होतो आणि करार मार्चअखेर संपणार होता. मला कायम करायचं की नाही, ते आमच्या विभागप्रमुखांच्या शिफारशीवर ठरायचं होतं. विभागप्रमुख त्याच मार्चमध्ये निवृत्त होणार होते. एप्रिलमध्ये आमची मुलगी पहिलीत जाणार होती. इथे पहिलीच्या मुलांना चामड्याचं पेटीसारखं एक भारी दप्तर घेतात, ते सहा वर्षं टिकतं. आम्ही ते आधीच घेऊन ठेवलं होतं. मुलगी ते पाठीवर अडकवून घरभर फिरायची आणि कासवासारखी उताणी पडायची.

"दप्तर सहा वर्षांचं," बायको म्हणाली, "आणि नोकरी तीन महिन्यांची. आपण उलटं तर नाही ना केलं?"

विभागप्रमुख विद्यापीठात असताना अमेरिकन फुटबॉल खेळायचे. या खेळाला फुटबॉल का म्हणतात ते मला अजून कळलेलं नाही. चेंडू नारळासारखा लांबट, आणि बहुतेक वेळ हातात. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. प्रत्येक डावात चेंडू आधी त्याच्याकडे येतो आणि अंगावर धावून येणाऱ्या लोकांना चुकवत तो कोणाकडे द्यायचा, हे त्याने दोन-तीन सेकंदांत ठरवायचं असतं. आमचे विभागप्रमुख क्वार्टरबॅक होते. ज्या माणसाला जेवणाच्या सुट्टीत नूडल्स कोणते घ्यायचे ते दहा मिनिटं ठरवता येत नाही, तो हे कसं करत असेल, याचं मला कुतूहल होतं.

निरोपसमारंभात त्यांच्या तीन सर्वात मोठ्या विजयांची चित्रफीत दाखवायची, असं ठरलं. मग रोज जेवताना वाद सुरू झाला. विभागात सात माणसं. त्यातली तिघं त्याच विद्यापीठाची, त्यामुळे ती आवाज चढवून बोलायची.

"चिखलातला सामना पहिला," एक म्हणायचा. "शेवटच्या मिनिटाला स्वतः चेंडू घेऊन पळाले. बूट चिखलात राहिला, माणूस पुढे गेला."

"बूट दरवेळी वेगळ्या पायाचा असतो तुझ्या गोष्टीत."

"तू तेव्हा जन्मला तरी होतास का?"

"नव्हतो. म्हणूनच मी पुस्तकात वाचलंय, तुझ्यासारखं ऐकलेलं नाही."

विभागाचे उपप्रमुख या वादात कधी पडत नसत. ते डबा खात आणि शेवटी एकच वाक्य बोलत, "अंतिम सामना पहिल्या क्रमांकावर असावा असं मला वाटतं." मग सगळे मान डोलवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलापासून सुरुवात होई.

फेब्रुवारीत यावर रीतसर बैठक ठरली. कार्यालयाची व्यवस्था बघणाऱ्या बाई माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "तुमचंही मत सांगा हं. अगदी मोकळेपणाने."

इथे मला एक गोष्ट माहीत असायला हवी होती. खरं तर माहीत होती, पण शब्दापुरती. जपानी कार्यालयात बैठकीच्या आधी एकेकाकडे जाऊन हळूच त्याचं मत जुळवून घेतात. त्याला 'नेमावाशी' म्हणतात, म्हणजे झाड हलवण्याआधी मुळांभोवती खणून घेणं. बैठक होते तेव्हा निर्णय झालेला असतो. बाई माझ्याकडे आल्या होत्या त्या खणायला. मला वाटलं, स्पर्धेचं निमंत्रण आहे.

मी तयारी केली. विद्यापीठाच्या संघाची एक स्मरणिका विभागात होती, ती मागून घेतली आणि दोन आठवडे येता-जाता रेल्वेत शब्दकोश लावून वाचली. मग तक्ता केला. समोरचा संघ किती तगडा, किती फरकाने जिंकले, हवामान कसं, समोरचे कोण खेळाडू गैरहजर होते, आणि विजयात क्वार्टरबॅकचा स्वतःचा हात किती. प्रत्येकाला वीस गुण, एकूण शंभर. चिखलातल्या सामन्याला एक्क्याऐंशी पडले. ज्या अंतिम सामन्याने विद्यापीठाला अजिंक्यपद मिळालं, त्याला पडले चौपन्न. डिस्टिंक्शन राहू दे, फर्स्ट क्लासही नाही.

घरी मी बायकोसमोर भाषणाची तालीम केली. ती आमच्या घराजवळच्या कोन्बिनीत, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या दुकानात, अर्धवेळ काम करते.

"अहो, त्यांनी मत विचारलं की मान्यता?" तिने विचारलं.

"मत. मोकळेपणाने असंही म्हणाल्या."

"आमच्याकडे गिऱ्हाइकाला आम्ही पिशवी हवी का विचारतो ना, तेव्हा ते कधी पिशवीवर भाषण देत नाही."

मला वाटलं, दुकानात काम करून तिची दृष्टी थोडी मर्यादित झाली आहे.

बैठक चार वाजता होती. विभागप्रमुख अर्थातच नव्हते. माझी पाळी आली आणि मी उभा राहिलो. त्या खोलीत बोलायला कोणी उभं राहिल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही. मी तक्त्याच्या प्रती वाटल्या. मग म्हणालो, "अंतिम सामना प्रसिद्ध आहे, पण मोठा नाही. समोरच्या संघाच्या मुख्य क्वार्टरबॅकचं बोट मोडलं होतं. त्याच्या जागी पहिल्या वर्षाचा एक नवखा विद्यार्थी उतरवला होता. त्याने दोनदा चेंडू सरळ आपल्या विभागप्रमुखांच्या संघाच्या हातात दिला. असा विजय मिळवावा लागत नाही, तो घरपोच येतो."

हे शेवटचं वाक्य मी जपानीत तीन दिवस घासून तयार केलं होतं.

खोलीत कोणी बोललं नाही. भिंतीवरच्या हीटरचा आवाज ऐकू येत होता. समोरचा गप्प झाला की लगेच खाली बसायचं, म्हणून मी बसलो. उपप्रमुखांनी तक्ता नीट दुमडून वहीत ठेवला. "फार अभ्यासपूर्ण आहे," ते म्हणाले. "आपण फार कष्ट घेतलेत." मला वाटलं, चषक आपला.

बाहेर थंड पेयांच्या यंत्रापाशी एक तरुण सहकारी माझी वाट बघत उभा होता. त्याचा चेहरा कोणी गेल्यासारखा झाला होता.

"तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"काय?"

"तो पहिल्या वर्षाचा नवखा विद्यार्थी."

"त्याचं काय?"

"ते आपले उपप्रमुख आहेत."

स्मरणिकेत त्या विद्यार्थ्याचं नाव नव्हतं. जिंकलेल्यांच्या पुस्तकात हरलेल्यांची नावं कशाला असतील? आणि विभागात हे सगळ्यांना माहीत होतं म्हणूनच कोणी कधी बोललं नव्हतं. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली, ती मलाही ठाऊक होती, पण त्या क्षणापर्यंत तिचा अर्थ डोक्यात शिरला नव्हता. विभागप्रमुख जाणार, त्यांच्या जागी उपप्रमुख येणार. म्हणून माझ्या शिफारशीचा कागदही आता त्यांच्याच टेबलावर होता.

घरी सांगितल्यावर बायको हसली नाही, याचंच मला जास्त भय वाटलं. तिने दप्तराकडे एकदा पाहिलं. "उद्या मिठाईचा खोका घेऊन जा," ती म्हणाली. "चांगल्या दुकानाचा. कागदात गुंडाळलेला. आणि अहो, उभं राहून भाषण नको. वाकायचं आणि गप्प राहायचं."

सकाळी साडेआठला मी खोका घेऊन उपप्रमुखांच्या टेबलापाशी गेलो आणि वाकलो. वर पाहिलं तर त्यांच्यासमोर माझा तक्ता उघडा होता आणि हातात लाल पेन्सिल.

"एक चूक आहे," ते म्हणाले. "दोनदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा चेंडू माझ्या हातातून निसटला आणि त्यांनी उचलला. तुमच्या पुस्तकात ते आलेलं दिसत नाही."

मी पुन्हा वाकलो.

"मग चौपन्नाचे किती होतील?"

"एक्कावन्न," मी म्हणालो. गणित विचारलं की मला उत्तर द्यावंच लागतं.

त्यांनी चौपन्न खोडून एक्कावन्न लिहिलं. मग पेन्सिल खाली ठेवली. "मी या कंपनीत आलो त्या दिवसापासून हा माणूस सगळ्यांना सांगतो की तो सामना त्याचा सर्वात मोठा विजय. समोरचा संघ फार बलाढ्य होता, असं सांगतो. मी शेजारी उभा असतो ना, म्हणून. त्याला ते सांगावं लागतं आणि मला ते ऐकावं लागतं." त्यांनी तक्ता दुमडला. "चिखलातला सामना मीही पाहायला गेलो होतो. तुमचे एक्क्याऐंशी बरोबर आहेत. थोडे कमीच दिलेत."

"मग तो पहिला ठेवायचा का?" मी विचारलं. त्या वेळीही विचारलं.

"नाही हो," ते म्हणाले, आणि खोका दोन्ही हातांनी घेतला.

बैठकीचं इतिवृत्त दुपारी आलं. त्यात लिहिलं होतं, 'अंतिम सामना एकमताने पहिल्या क्रमांकावर. चर्चेत एक उपयुक्त सूचना आली.' नंतर कळलं की इतिवृत्त बाईंनी आदल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं. सूचनेचं वाक्य तेवढं त्यांनी नंतर घातलं, माझ्यावरच्या दयेने.

निरोपसमारंभात पडद्यावर अंतिम सामना आला. चित्र जुनं, पावसासारखं दाणेदार. चेंडू दिसत नव्हता, नुसती शिरस्त्राणं एकमेकांवर आदळत होती. विभागप्रमुख उठले आणि म्हणाले, "समोरचा संघ फार बलाढ्य होता." उपप्रमुख वाकले. मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

त्याच आठवड्यात मला पत्र मिळालं. मला कायम केलं होतं. फक्त विभाग बदलला होता. आता मी ग्राहकांच्या तक्रारींच्या तपासणीत आहे, जिथे पंप का बंद पडला आणि चूक कोणाची, हे आपल्याच लोकांना तोंडावर सांगावं लागतं. तिथे जायला कोणी तयार नसतं. शिफारशीखाली उपप्रमुखांची सही होती आणि कारणाच्या रकान्यात एक ओळ होती, 'हे गृहस्थ सांगतात.' ही स्तुती आहे की शिक्षा, हे मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "दप्तर परत करायचं नाही ना? मग स्तुती."

तक्त्यातला एक रकाना मात्र मला काही दिवस सोडेना, समोरचे कोण गैरहजर होते तो. शेवटी एका रविवारी मी कागद घेऊन बसलो आणि सरांना हे पत्र लिहिलं.

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार. मी इथे कायम झालो. मुलगी पहिलीत जाऊ लागली. मी मराठीत विचारतो, ती जपानीत उत्तर देते, आणि वाद तीच जिंकते. तुमचा गुडघा कसा आहे?

एक गोष्ट कळवायची राहिली आहे. जिल्ह्याच्या स्पर्धेत माझ्यासमोर जी मुलगी मधेच खाली बसली, ती त्यांची मुख्य स्पर्धक नव्हती. मुख्य मुलगी आजारी होती आणि हिला त्या दिवशी सकाळी विषय कळला होता. मी बक्षीस घेऊन आल्यावर ती नळावर माझ्या शेजारी पाणी पीत होती, तेव्हा तिनेच मला सांगितलं. ती रडत नव्हती. मी तिला काहीच बोललो नाही. परत येताना बसमध्ये चषक तुमच्या मांडीवर होता, आणि तुम्ही कंडक्टरलासुद्धा स्पर्धेची हकिगत सांगत होता. मग तुम्हालाही सांगायचं धाडस झालं नाही. नंतर वसतिगृह मिळालं, कॉलेज मिळालं, आणि सांगण्यासारखं ते राहिलंच नाही, असं मी स्वतःला समजावलं.

तुम्हाला हे आधीच माहीत असेल, असं आता मला कधीकधी वाटतं. त्या शाळेचे सर तुमच्या ओळखीचे होते. माहीत असेल तर तुम्ही माझ्यासाठी एवढी वर्षं गप्प राहिलात, आणि हे उपकार मी मोजलेल्यांत धरले नव्हते.

त्या सामन्याला मी गुण देऊन पाहिले. सांगत नाही.

फोटोखालची ओळ खोडू नका. पण घरी कोणी आलं आणि तुम्ही ती हकिगत सांगायला लागलात, तर एवढं जोडा की समोरची मुलगी फार चांगली बोलली. दोन मिनिटं बोलली, पण सकाळी विषय कळून दोन मिनिटं मला बोलता आलं नसतं. तिचं नाव तुमच्या जुन्या वहीत असेल तर मला कळवा.

आपला विद्यार्थी