बिनआवाजाचा सोहळा

बहीण जाऊन महिना उलटला होता. तेराव्याचं जेवण झालं, भावकी आपापल्या गावी गेली, आणि जिंतूरच्या त्या घरात आई आणि मी असे दोघंच उरलो. टीव्ही मात्र बंदच होता. आमच्यात पहिला सण पार पडेपर्यंत दुखवट्याच्या घरात टीव्ही लावत नाहीत. आईला तर तिचा भाऊ येऊन दुखवट्यातून बाहेर काढीपर्यंत कुणाचा उंबरा ओलांडायचा नव्हता. मामा ताडकळसला राहतात. सोयाबीनची काढणी चालू होती. ती आटोपली की दिवाळीच्या आधी येतो, असा त्यांचा फोन आला होता.

त्या रविवारी दुपारी आई भिंतीला टेकून बसली होती. मी शिकवतो त्या कॉलेजच्या ग्रंथालयातून आणलेलं पुस्तक नुसतंच उघडून बसलो होतो. ती एकदम म्हणाली, "आज हाय ना रे ते? तिचं गाण्याच्या बक्षिसाचं?"

मला आश्चर्य वाटलं. बहीण पंचायत समितीत लिपिक होती. वर्षभर सरकारी कागदांत बुडालेली असायची, पण नव्या गाण्यांच्या बक्षीस समारंभाची संध्याकाळ तिनं कधी चुकवली नाही. गल्लीतल्या बायका, पोरी, समोरचे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर काका, सगळे आमच्या बैठकीत जमायचे. कोण जिंकणार यावर पैजा लागायच्या आणि हरलेल्यानं चहा करायचा. आईला तो गोंधळ मुळीच खपत नसे. ही गाणी आहेत की धिंगाणा, असं म्हणत ती मागच्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची. समारंभ संपून सगळे घरी गेले की मगच ते दार उघडायचं.

मोबाईलवर दाखवतो, असं मी म्हणालो. तिनं मान हलवली. "ती एकटी बघायची का? सगळ्यांसंगं बघायची."

संध्याकाळ झाली. गल्लीत कुठूनही टीव्हीचा आवाज येईना. आई दारात येऊन कानोसा घेई आणि परत जाऊन बसे. थोड्या वेळानं म्हणाली, कुणीच लावला न्हाई, विसरले लोक. ते तिला फार लागलं होतं. शेजारच्या वहिनींचा जेवणाचा डबा घरात पडून होता. तो परत द्यायला म्हणून मी उठलो.

वहिनींच्या घरात आख्खी गल्ली बसलेली होती. टीव्ही चालू होता, पण आवाज पार बंद. पडद्यावर एक जण जीव तोडून गात होता आणि खोलीत पंख्याची घरघर तेवढी. मला बघून वहिनींनी घाईघाईनं रिमोट उचलला. "सर, आवाज न्हाई केला बरं का," त्या म्हणाल्या. "बघावं वाटलं म्हणून बसलो. गल्लीत कुणीच न्हाई केला." कंडक्टर काका खाली मान घालून बसले होते. आमच्या घराला त्रास नको म्हणून सगळ्या गल्लीनं गाण्याचा कार्यक्रम मुका करून पाहायचं ठरवलं होतं.

मी वळलो तर आई अंगणात उभी. माझ्यामागून कधी आली कळलं नाही. वहिनी आत या म्हणाल्या आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं. आई पायरीपाशीच थांबली होती, वर चढत नव्हती. मग सगळेच उठले. काकांनी आणि मी टीव्ही उचलून ओसरीवर स्टुलावर ठेवला, वायर खिडकीतून घेतली, आणि सगळे अंगणात आईच्या आजूबाजूला बसले.

"आवाज सोडा," आई म्हणाली.

गाणं एकदम अंगावर आलं. आईनं डोळे बारीक केले, पण ती हलली नाही. दोन गाणी झाली. मग तिनं वहिनींना विचारलं, "ती काय म्हणायची ग, हे बघताना?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. मी मान डोलावली. शेवटी काकाच म्हणाले, "निवेदक लय बोलायला लागला की म्हणायची, ह्याला पाणी द्या न्हाई तर गोळी द्या." एक पोरगी हसली आणि तिनं तोंडावर हात ठेवला. आई म्हणाली, हस ग. मग एकेकीला आठवायला लागलं. कुणाच्या केसांना ती काय म्हणाली होती, मशीनवर आवाज सुधारून गाणाऱ्याला म्हणाली होती की बक्षीस मशीनलाच द्या, पैज हरल्यावर चहात मीठ टाकलं होतं. तिला एक तरुण गायिका फार आवडायची. दर वर्षी त्या मुलीचं नाव यादीत असे आणि दर वर्षी ती बक्षिसाविना जागेवरच बसून राही. मागच्या वर्षी तर बहीण उठून उभी राहिली होती. वहिनींनी तिच्यासारखाच कमरेवर हात ठेवला. "म्हणली, परीक्षकाच्या कानात सरकी घातली हाय. कापूस असता तर काढला असता."

आईच्या तोंडून एक आवाज निघाला. हसली की हुंदका आला, कळलं नाही. वहिनींनी तिचा हात धरला.

वर पाहिलं तेव्हा टाळ्यांचा कडकडाट चालला होता आणि तीच मुलगी हातात बक्षीस घेऊन रडत उभी होती. नाव पुकारलेलं कुणालाच ऐकू आलं नव्हतं.

"तिलाच भेटलं का?" आईनं विचारलं.

"तिलाच," काका म्हणाले.

अंगणात एकाही माणसानं टाळी वाजवली नाही. आई थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि मग उठली.

घरी आल्यावर ती दिवा न लावताच खाटेवर बसली. मी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. "इतकी बोलायची ती," ती म्हणाली. "मला दारामागं नुसता कालवा ऐकू यायचा." मग म्हणाली, "ते सरकीचं सांग पुन्यांदा."

मी सांगितलं.

"तसं न्हाई. ती चिडून म्हणली असंल."

मी चिडून सांगून पाहिलं. माझ्या आवाजात ते काही येईना. आई अंधारात ऐकत राहिली, आणि मी पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागलो.