डॅन्यूबवरच्या पाच सवाष्णी

भारतीय संस्कृती सातासमुद्रापार नेण्याचं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. माझ्या वाट्याला ते आलं, तेव्हा डॅन्यूब नदीतल्या एका जहाजावर माझ्याविरुद्ध तक्रार झालेली होती आणि सहप्रवासी बायका मला पाहून जिना बदलत होत्या.

तसा मी निरुपद्रवी माणूस आहे. भिलाईच्या प्लांटमध्ये रूळ तपासण्यात माझी उभी नोकरी गेली. बाकीचे रूळ बनवत, मी त्यात खोट काढत असे. निवृत्तीनंतर रूळ सुटले, खोट काढणं राहिलं. म्हणून आमची मुलगी केतकी (म्युनिकला नोकरी करते) जेव्हा म्हणाली, की तुम्हा दोघांना जहाजातून ख्रिसमसचे बाजार दाखवते, तेव्हा मी लगेच सांगितलं, की जहाज समुद्रात चालतं, नदीत होडी चालते. शिवाय बाजार पाहायला विमानाने कोण जातं? आमच्या सेक्टरचा बाजार मी पिशवी घेऊन पायी पाहून येतो.

"पप्पा, टिकट हो चुका है," केतकी म्हणाली. (पोरगी भिलाईची. जेवताना मराठी बोलते, वाद घालताना हिंदी.)

खरी अडचण माझ्या बायकोने काढली. मंदा म्हणाली, "मार्गशीर्षाचा शेवटचा गुरुवार त्याच हप्त्यात येऊन राहिला. माह्या उद्यापनाचं काय?"

मार्गशीर्षातले गुरुवार मंदा लग्नाच्या वर्षापासून करते. घट मांडायचा, लक्ष्मीची पूजा करायची, दिवसभर उपास, आणि शेवटच्या गुरुवारी पाच बायकांना बोलावून हळदीकुंकू, फळ आणि पोथी द्यायची. त्यात एकदाही खंड नाही. चिकुनगुनिया झाला त्या वर्षी तिने खाटेवरून घट मांडला. केतकीच्या घटस्फोटाची शेवटची तारीख नेमकी गुरुवारी लागली, तेव्हा ती पूजा आटोपून कोर्टात आली. यंदा खंड पडणार असेल, तर तिला युरोप नको होता. हे ती रागावून म्हणाली नाही, भाजी निवडता निवडता म्हणाली, म्हणून मी घाबरलो.

भिलाईत हे उद्यापन फार सोपं असतं. मंदाने फाटकाशी उभं राहून दोन हाका मारल्या, की पाचाच्या जागी नऊ बाया येतात. शेजारच्या छत्तीसगढी कुटुंबाचा अगहन, म्हणजे त्यांचा मार्गशीर्ष, आमच्या मार्गशीर्षाच्या पंधरा दिवस आधी संपतो. तेव्हा मंदा त्यांच्याकडे जाते, मग त्या आमच्याकडे येतात. पण नदीत हाक कोणाला मारणार?

"जहाज में कर लेना न, मम्मी," केतकीने तोडगा काढला. "फक्त अगरबत्ती नको, दिवा नको. जरासा धूर झाला तरी पूरा जहाज खाली करतेत."

त्यामुळे आमच्या बॅगेत तांब्याचा कलश, नारळ, करंडा, तांदळाचं पीठ, पाच पोथ्या आणि बॅटरीवर चालणारा दिवा गेला. माझे लोकरी मोजे जागेअभावी भिलाईतच राहिले.

जहाजाबद्दल मी वाईट बोलणार नाही. खोली आमच्या जुन्या क्वार्टरच्या न्हाणीघराएवढी होती, पण खिडकीतून आख्खी नदी दिसत होती. प्रवासी बहुतेक आमच्याच वयाचे, म्हणजे जेवणाची वेळ आणि गुडघे या दोनच विषयांवर बोलणारे. रोज एक नवं गाव यायचं, आणि त्या गावातल्या चर्चसमोर लाकडी दुकानांची तीच रांग असायची. तोच भाजलेल्या चेस्टनटचा वास, तीच दालचिनी घातलेली गरम वाइन, त्याच काचेच्या गोळ्या. लोक मात्र दर गावात नव्याने गहिवरत. मी केतकीला म्हटलं, "आपल्या दसरा मैदानावरचा मीना बाजार याच्याहून मोठा असतो. वर मौत का कुआं असतो."

"पप्पा, वाइन पिओ और चुप रहो," ती म्हणाली.

बुधवारी सकाळी मंदाने सामान काढलं. आंब्याची पानं वाटेत काळी पडली होती, म्हणून तिने आदल्या दिवशीच बाजारातून ख्रिसमसच्या झाडाच्या हिरव्या डहाळ्या आणल्या होत्या. त्या कलशात बसवता बसवता ती म्हणाली, "उद्यासाठी पाच बाया सांगा लागतीन."

आता मी देवाधर्माच्या भानगडीत पडत नाही, पण पोथी मी वाचलेली आहे. (खोट काढायलाच वाचली होती.) मी म्हटलं, "बाया नाही. सवाष्णी. ज्यांचा नवरा जिवंत आहे अशा. नियम म्हणजे नियम."

मंदा नारळाची शेंडी सरळ करत होती.

केतकी म्हणाली, "मी रिसेप्शनवर सांगून येऊ का? पाच मिनिटांचं काम हाय."

"तू राहू दे," मी म्हणालो. "यात तांत्रिक बाबी आहेत."

"हां, वो तो है," ती म्हणाली, आणि कॉफी प्यायला निघून गेली.

मी निरीक्षणाला सुरुवात केली. पहिली बाई नाश्त्याच्या टेबलावर सापडली. आनंदी चेहरा, शेजारी तितकाच आनंदी पुरुष, दोघं एका ताटलीतून खात होते. मी नम्रपणे विचारलं, हे आपले पती का? बाई म्हणाल्या, नाही, आम्ही वीस वर्षं एकत्र राहतो, लग्न कशाला? मी शुभेच्छा दिल्या आणि त्यांना मनातल्या मनात बाद केलं.

दुसरी बाई वरच्या दालनात लोकर विणत होती. बोटात अंगठी. लक्षणं चांगली होती, पण अंगठीवर विसंबणारा निरीक्षक मी नव्हे. विचारलं, "आपले पती हयात आहेत का?"

बाईंनी सुया थांबवल्या. "नाश्त्याला तर होते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट पाहिलं, विणकाम तिथेच ठेवलं आणि भराभरा खोलीकडे गेल्या; निमंत्रण द्यायचं राहूनच गेलं.

तिसरीने उलट विचारलं, "कोणता?" तिचे तीन नवरे झाले होते. एक वारला होता, दोन सोडले होते आणि ते ठणठणीत होते. सोडलेला पण जिवंत नवरा धरावा की नाही, याबद्दल पोथी काहीच बोलत नाही. तिला मी राखीव ठेवलं. पुढे खिडकीशी दोन बायका पत्ते खेळत होत्या. एकीला नवऱ्याबद्दल विचारलं, तर तिने दुसरीकडे बोट दाखवून सांगितलं, "नवरा नाही, बायको. ही." मी बराच वेळ विचार केला. दोघींचाही जोडीदार समोर बसून पत्ते पिसत होता, त्याच्या हयातीबद्दल शंकेला जागा नव्हती. मी दोघींनाही पास केलं. (नोकरीत एवढा उदार मी कधी नव्हतो.)

दुपारी जहाज एका गावी लागलं. मी चाचपणी बाजारातही चालू ठेवली. चेस्टनटच्या दुकानाशी आमच्याच जहाजावरच्या एका बाईंना तोच प्रश्न केला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पती मागच्या हिवाळ्यात गेले होते. मी खाली मान घालून उभा राहिलो. त्यांनी मला त्यांची सगळी हकिगत सांगितली, मग आपल्या पिशव्या माझ्या हातात दिल्या आणि उरलेली हकिगत चालता चालता सांगितली. बाजाराला दोन फेऱ्या झाल्या. हे दृश्य जहाजावरच्या बऱ्याच लोकांनी पाहिलं.

संध्याकाळपर्यंत माझ्याबद्दल तीन मतं तयार झाली होती, ती केतकीने जेवताना सांगितली.

"काही लोक म्हणून राहिले तुम्ही इन्शुरन्स विकता. काही म्हणून राहिले तुम्ही विधवा शोधता."

"अन् तिसरं?" मी विचारलं.

"तिसरं म्हणजे तुम्ही ज्योतिषी हाय. ज्या बाईले विचारलं, तिचा नवरा लवकरच जाणार. वो स्वेटरवाली आंटी के हसबंड ने दोन वेळा बीपी चेक केलं."

मी मान वळवून पाहिलं. ते गृहस्थ कोपऱ्यात बसून बिनमिठाचं सूप पीत होते. माझी नजर गेली तशी त्यांनी छातीवर हात ठेवला.

"किती बाया झाल्या?" मंदाने विचारलं.

"दोन पक्क्या. एक राखीव."

"दिवसभर फिरून?" ती म्हणाली. "भिलाईत असते तर आतापावतो माही भांडीबी घासून झाली असती."

जेवण संपायच्या आत मला बोलावणं आलं. जहाजाच्या व्यवस्थापक बाई उंच आणि शांत होत्या, आणि त्यांच्या शांतपणात बऱ्याच वर्षांचा प्रवाशांचा अनुभव होता. केतकी माझ्यासोबत आली, माझी वकील म्हणून नव्हे, हे तिने वाटेतच स्पष्ट केलं.

"आपण जहाजावरच्या स्त्रियांना त्यांचे नवरे जिवंत आहेत का, असं विचारत आहात," व्यवस्थापक बाई म्हणाल्या. "कारण कळेल?"

अशा संधीची मी आयुष्यभर वाट पाहिली होती. मी मार्गशीर्षापासून सुरुवात केली. कृषिसंस्कृती, सुगी, धान्यलक्ष्मी, घट हे भूमीचं प्रतीक कसं, सवाष्ण या कल्पनेचा सामाजिक अर्थ काय, आणि त्यावर माझे स्वतःचे आक्षेप कोणते, हे सगळं मी मुद्देसूद मांडलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

मग त्या केतकीकडे वळल्या. "म्हणजे यांना उद्या प्रार्थनेसाठी पाच स्त्रिया हव्यात?"

"येस," केतकी म्हणाली.

"एवढंच?"

"एवढंच."

बाईंनी टेबलावरचा माइक उचलला. जहाजभर आवाज घुमला, की उद्या संध्याकाळी वरच्या दालनात भारतीय पूजा आहे, सर्व स्त्रियांना निमंत्रण. मग त्यांनी मला शुभ रात्री म्हटलं.

गुरुवारी चार वाजताच नदीवर अंधार पडला. दालनात छताला टेकलेलं ख्रिसमसचं झाड होतं, त्याच्या बाजूला मंदाने घट मांडला. तिथल्या लाकडी फरशीवर लोक रात्री नाचत, तिथेच तिने तांदळाच्या पिठाने चौक काढला आणि दारापासून घटापर्यंत लक्ष्मीची पावलं काढली. बॅटरीचा दिवा लावला. मी ताट धरून उभा होतो आणि दाराकडे पाहत होतो. तक्रारीनंतर कोण येणार? पाचसुद्धा आल्या नाहीत, तर इतक्या वर्षांचं व्रत माझ्या तांत्रिक बाबींमुळे मोडणार होतं. मंदाचं लक्षही दाराकडेच होतं, पण ती माझ्याशी बोलत नव्हती.

आधी पत्तेवाल्या दोघी आल्या. मग लोकरवाल्या बाई आल्या, तीन नवऱ्यांची बाई आली, लग्नाशिवाय राहणाऱ्या आल्या. मग जिन्यावर गलका झाला आणि त्या येतच राहिल्या. नटूनथटून, मोत्यांच्या माळा घालून, पिठाच्या पावलांवर पाय पडू नये म्हणून एकमेकींचा दंड धरून कडेकडेने चालत. रांग पार जेवणघरापर्यंत गेली. मंदाचा चेहरा असा झाला, जसा फाटकाशी उभी राहून हाक मारल्यावर होतो. फळं पाचच होती. व्यवस्थापक बाईंनी स्वयंपाकघरातून संत्र्यांची टोपली मागवली.

मंदाने करंडा उघडला. पण रांगेकडे न वळता तिने आधी केतकीला हाक मारली. केतकी मागे बारपाशी उभी होती. घटस्फोटापासून दर उद्यापनाला तिला नेमकं काहीतरी काम निघायचं.

"मम्मी, मेरा रहने दे न."

"ये इकडे. बाहेरच्या बाया ताटकळल्या."

केतकी आली. मंदाने तिला हळद लावली, कुंकू लावलं, संत्रं दिलं. मग रांग सुरू झाली. प्रत्येक बाईला मंदा मराठीतच काही ना काही बोलत होती, "थंडी लय हाय बाप्पा," "माळ छान हाय तुमची," आणि प्रत्येक बाई हसून उत्तर देत होती. रांगेत बाजारातल्या बाई पुढे आल्या, तसा मी वाकून कुजबुजलो, "मंदा, यांचे मिस्टर वारले. मी स्वतः खात्री केली आहे."

मंदाने त्यांना कुंकू लावलं, आणि जरा मोठंच लावलं.

"अन् ह्यांचं लग्नच झालेलं नाही," मी पुढच्या बाईंबद्दल सांगितलं.

"ताट सरळ धरा," मंदा म्हणाली. "मी पाच बाया सांगा म्हटलं होतं. नवरे मोजाले कोणी सांगतलं तुमाले? माह्या घरात केतकी हाय, अन् मी दुसऱ्याच्या बायाले पुसत बसू, तुह्या नवऱ्याचं काय झालं म्हणून?"

मी ताट सरळ धरलं.

एव्हाना नवरे मंडळीही गोळा झाली होती. त्यांना काही मिळत नव्हतं, म्हणून ती भिंतीला लागून उभी होती. त्यांच्यातले एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ धीर करून माझ्यापाशी आले आणि आदराने विचारते झाले, की या विधीत नवऱ्याची भूमिका नेमकी काय असते?

मी म्हणालो, "विशेष काही नाही. त्याने फक्त जिवंत असायचं."

त्यांनी मान डोलावली. एवढं जमण्यासारखं आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"काय म्हणून राहिले ते?" मंदाने विचारलं. केतकीने दोन्ही बाजूंचं बोलणं तिला सांगितलं.

मंदाने पुढच्या बाईच्या कपाळावर बोट टेकवलं. "सांग त्यायले," ती म्हणाली, "तेबी जरुरी नाही."

केतकीने ते इंग्रजीत सांगितलं, आणि भिंतीपाशी उभ्या असलेल्यांना नीट ऐकू आलं नाही म्हणून जर्मनमध्येही.