गोजरबाईची हजेरी

बहात्तरच्या दुष्काळात कर्जतकडं पाझर तलावाचं काम निघालं होतं. जुना मुकादम काम सोडून गेला आणि पन्नास माणसांच्या टोळीवर नवा मुकादम नेमला कोण, तर गोजरबाई! चौथी पास, चार लेकरांची आई. अहो, निम्म्या गावाच्या पोटात दुखलं. सगळ्यात जास्त दुखलं ते तिच्या थोरल्या दिराच्या, भिमाजीच्या. मुकादमी आपलीच म्हणून गडी आधीच मिशीला पीळ देऊन बसला होता.

मुकादमाचं पहिलं काम सकाळची बैठक. सगळ्यांनी बांधापाशी जमायचं, मुकादमानं हजेरी घ्यायची आणि कामं वाटून द्यायची. पहिल्याच दिवशी माशी शिंकली. टोळीत भिमाजीबरोबर तिचा नवरा गहिनीनाथही होता. नवऱ्याचं आणि थोरल्या दिराचं नाव चारचौघांत बाईमाणसानं घ्यायचं कसं? तिनं ती दोन नावं गिळली आणि पुढं गेली. नियम असा, की नाव पुकारलं नाही तर खाडा. दोघं भाऊ दिवसभर उन्हात कुदळ मारून कागदावर गैरहजर!

भिमाजीनं रान उठवलं. ओव्हरसियर शामकांत म्हणाले, "बाई, उद्या सगळी नावं पुकारा. नाहीतर मुकादमी भिमाजीकडं."

घरी गहिनीनाथ भाकरी मोडत म्हणाला, "घे की नाव. मी काय लगीच मरतो व्हय?"

सकाळी सगळी टोळी तमाशा बघायलाच जमली. गोजरबाईला राग असा आला होता, की तिनं पदर कमरेला खोचला आणि कागद उघडला. भिमाजी पुढंच दगडावर बसून ओरडला, "उखाना घे, उखाना!" सगळे फिदीफिदी हसले.

"उखाना लग्नात घेतला भावजी. हितं हजेरी हाय," ती म्हणाली आणि खणखणीत पुकारलं, "गहिनीनाथ छगन!"

एका दमात नवरा आणि सासरा, दोघांची नावं! बायांनी तोंडाला पदर लावला. मागून आवाज आला, "हजर हाय!"

"भिमाजी छगन!"

भिमाजीनं तोंड फिरवलं.

"भिमाजी छगन! खाडा मांडू का?"

"हजर," तो पुटपुटला.

"ऐकू न्हाई आलं."

"हजर हाय म्हनलं की!"

"बरं. आता कामाचं. आजपातूर गडी खाली बसून पाट्या भरीत हुते, अन् बाया डोक्यावर माती घेऊन चढ चढत हुत्या. आजपास्नं पाळी. आज बाया भरतील, गडी वाहतील."

भिमाजी ताडकन उठला. "आसं कुठं आसतंय व्हय?"

"ह्या टोळीत आसतंय," गोजरबाई म्हणाली आणि मातीनं भरलेली पाटी तिनं त्याच्यापुढं सरकवली. "पयली पाटी तुमची, भावजी. उचला."