साहेबाच्या घोडीचा भोवरा

मामा गेल्याचा निरोप सारंगखेड्याच्या एका गाडीवानानं आणला, तेव्हा मी शहाद्याच्या शाळेत भागाकार शिकवत होतो. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, तुमना मामा गयात." फळ्यावरचं गणित तसंच टाकून मी निघालो. आता त्याला दीड महिना होत आला. गावात मामाला दोन गोष्टींसाठी ओळखत. घोड्यांच्या जत्रेत त्याच्याइतकी पारख कुणाला नव्हती, आणि कुठलाही विषय काढा, तो पाचव्या मिनिटाला एका गोऱ्या जनरलपाशी येऊन थांबायचा.

हा साहेब महूच्या छावणीत साधा कप्तान होता, तेव्हा मामा त्याच्याकडे घोड्यांची निगा राखायला मोतद्दार म्हणून लागला. कप्तानाचा मेजर झाला, मेजरचा कर्नल, आणि चौदा सालचं महायुद्ध पेटल्यावर जनरल. प्रत्येक बढती मामा अशा थाटात सांगायचा, जणू ती त्याच्या खराऱ्यामुळेच मिळाली. "आम्ही कर्नल व्हतूत ना, तधळनी गोट..." अशी त्याच्या प्रत्येक गोष्टीची सुरुवात. मग मामी चुलीपुढून म्हणायची, "तुन्हा मामानं पहिलं लगीन साहेबसंगे लागेल शे. मी दुसरी." मामा हसायचा, पण नाही म्हणायचा नाही. साहेबाचा राग नाकावर असे, सैन्य त्याला टरकून असे. मात्र घोडं आजारी पडलं की हाच माणूस बूट काढून तबेल्यातल्या गवतावर बसून राही. मामाला तो आवडला तो त्या बसण्यामुळे. मला न पाहताच आवडला, तोही त्यामुळेच.

युद्धावर निघायच्या आधीच्या हिवाळ्यात साहेब मामाबरोबर आमच्या जत्रेत आला. तिथे त्यांना एक घोडी दिसली, तांबूस, उंच, मान अशी की बघणाऱ्यानं दोन पावलं मागे सरावं. आमच्याकडे घोडं घेण्याआधी त्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे बघतात. डोळ्याखाली भोवरा असला तर ते जनावर मालकाला रडवतं म्हणतात, आणि मग त्याला कुणी हात लावत नाही. साहेबही इतकी वर्षं इथे काढून हे शिकला होता. त्यानं विचारलं, "भोवरा?" घोडीच्या डाव्या डोळ्याखाली, लगामाच्या पट्ट्याआड, भोवरा होता. मामाला तो दिसला होता. पण घोडीवर त्याचा जीव जडला होता, आणि तो म्हणून गेला, "काहीच नही, साहेब."

घोडी, मामा आणि साहेब तुर्कांशी लढायला बोटीनं बसऱ्याला गेले. पहिलं वर्ष जिंकण्यात गेलं. नदीच्या काठाकाठानं फौज वर सरकत होती आणि वर्तमानपत्रांत साहेबाचं कौतुक छापून येत होतं. मग एका सकाळी, कुमक एका दिवसाच्या वाटेवर असताना, साहेबानं तिची वाट न बघता हल्ल्याचा हुकूम दिला. संध्याकाळी जखमींना ठेवायला होड्या पुरेनात. मामा मशक घेऊन पाणी पाजत फिरत होता. परत आला तेव्हा साहेब एकटाच घोडीच्या मानेत तोंड खुपसून रडत होता... मामानं तिथल्या तिथे काय ते समजून घेतलं. साहेबाला सेनापतिपदावरून काढलं, विलायतेला पाठवून दिलं, आणि पुढे कधी फौज दिली नाही. घोडी तिकडेच मेली. मामा गावी परतला तो इतक्या माणसांचं मरण आपल्या डोक्यावर घेऊन.

वीस वर्षं भोवऱ्याची गोष्ट तो कुणाला बोलला नाही. फक्त जत्रेत गिऱ्हाइकाला भोवरा आपणहून दाखवू लागला, आणि त्यापायी सौदागर त्याला टाळू लागले. मागच्या साली तो शहाद्याला आला आणि साहेबाचं नाताळचं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. असं कार्ड त्याला दर वर्षी येई. त्यावर साहेबाचा पत्ता होता.

"भाचा, कागद लिखी दे. सांग, भोवरा व्हता. माले दिखना व्हता. मी बोलनू नही."

"मामा, भोवऱ्यानं कुणी लढाई हरतं का?"

"तू लढाई देखेल शे का?"

मी लिहून दिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, ते ऐकायला मामा परत शहाद्याला आला. साहेबानं लिहिलं होतं की हुकूम त्याचा होता, चूक त्याची एकट्याची होती, तिच्याशी घोडीचा किंवा मोतद्दाराचा काही संबंध नाही. मला वाटलं, मामा सुटला. मामाचा चेहरा मात्र पडला. त्यानं पत्राच्या कडेवरून बोट फिरवलं.

"मंग मी तठे कोनीच नही व्हतू?"

जाताना तो म्हणाला, "लिख. आर्धी चूक तुमनी, आर्धी मन्ही. इतलंच लिख."

पत्र मी लिहिलं, पण टाकलं नाही. एवढ्या मोठ्या सेनापतीला असलं पोरकट काहीतरी धाडायची माझ्यातल्या शाळामास्तराला लाज वाटली. पाकीट तीन आठवडे टेबलावर पडून होतं. मामानं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा टाकलं.

उत्तर आलं ते तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी. मी तसाच सारंगखेड्याला गेलो आणि मामीला एकेक ओळ आपल्या भाषेत करून सांगितली. थरथरत्या अक्षरात इतकंच होतं... 'अर्धी कबूल. भोवऱ्याची कड मलाही दिसली होती. घोडी तुला हवी होती आणि मलाही, म्हणून तू नाही म्हणालास तेव्हा मी पट्टा उचलून पाहिलं नाही. आपण दोघं होतो.'

मामी पदर तोंडाला लावून ऐकत होती. म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं. मग तिनं विचारलं, "त्याले हाई आयकाले भेटतं ते... तू कागद कधय टाका व्हता?"

पत्र पडून होतं तीन आठवडे, आणि मामाला जाऊन झाले होते दोन. माझ्यासारख्याला हा हिशेब करायला फळा लागत नाही. मामीच्या डोळ्यांकडे बघत मी म्हणालो, "त्याच दिवशी, मामी."

मामीला वाचता येत नाही. हे ज्यात छापलं जाईल तो अंक सारंगखेड्याला जातो. तिथल्या कुणीतरी हे तिला शेवटपर्यंत वाचून दाखवावं.