हुकलेबाबा

रायफलीच्या तेलाचा वास आला की मला बाबांसोबतचा तो नाला आठवतो. बाबा गडचिरोलीकडे वनरक्षक होते. एकदा मी सोबत असताना नाल्यात त्यांचा पाय घसरला, रायफल चिखलाने माखली आणि नेमकं समोरच्या झुडपातून अस्वल उठलं. मला मागे ओढून बाबांनी चाप दाबला. गोळी भलतीकडे गेली, पण आवाजाने अस्वल पळालं.

"हुकले बाबा," मी हसलो. "किती खडखडते ही रायफल. कसून घ्या ना."

"ढिली हाय म्हणून तं चिखलातही वाजली, पोट्ट्या."

मी गावभर फक्त हुकल्याचंच सांगितलं. त्यांना 'हुकलेबाबा' नाव पडलं.

नववीत शाळा सोडलेल्या मला पुण्यातल्या या नेमबाजीच्या रेंजवर इथल्या प्रशिक्षक सरांनी काम दिलं, त्यांचे उपकारच आहेत. आज मी रायफल घसाघसा पुसत असताना ते म्हणाले, "अहो साहेब, पहार नाही ही. घट्ट बसवलीय म्हणून नेम अचूक. वाळूचा कण गेला तरी अडकेल."

माझा हात थांबला. त्या दिवशी बाबांकडे ही असती तर?

जेवणाच्या सुट्टीत माफी मागायला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत बाबा हसत म्हणाले, "बोल, हुकलेबाबा आयकून राह्यला."