छापायचा राहिलेला अहवाल

मुलाखतीला गेले तेव्हा टेबलापलीकडे चौघं बसले होते. तिघांनी इंग्रजीत प्रश्न विचारले. चौथ्या म्हणजे कॉलेजच्या प्राचार्या, क्रीम रंगाच्या साडीतल्या एक सिस्टर. माझा अर्ज वाचता वाचता त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "निपाणीची होय? मग मराठीत बोल की."

त्या खानापूरकडच्या. बेंगळुरूत येऊन त्यांना वीस-पंचवीस वर्षं झाली होती. दिवसभर इंग्रजी, कन्नड, थोडं तमिळ बोलायच्या, पण माझ्याशी दार लोटून मराठीत. वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट केलेली ही बाई पायात कॅनव्हासचे बूट घालून आवारात फिरायची आणि झाडावर खिळा ठोकणाऱ्या कुणालाही सोडायची नाही. मी हिंदू, समाजशास्त्र शिकवणारी. कॅथलिक कॉलेजात आपलं कसं जमेल, ही माझी धास्ती त्यांच्यामुळेच पहिल्या वर्षात गेली. वर्गात कुठलाही प्रश्न विचारायला त्यांनी मला कधी अडवलं नाही. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

तीन वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाच्या पाच मुलींनी प्रकल्पासाठी एक विषय आणला. चर्चमध्ये बायका कोणकोणती कामं करतात आणि तिथले निर्णय कोण घेतं, हे त्यांना बघायचं होतं. त्यातल्या तिघी कॅथलिक होत्या. एकीची आई स्वतः त्यांच्या चर्चमध्ये वेदीवरची वस्त्रं धुऊन, इस्त्री करून द्यायची आणि रविवारी पोरांना धर्मशिक्षण द्यायची. विषय तिच्याच डोक्यातून निघाला होता. मी सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, "करू देत की. त्यांचंच घर हाय, त्यांनीच बघायचं."

मुली चार महिने फिरल्या. इंदिरानगरच्या बाजूचं एक श्रीमंत चर्च, सर्जापूर रोडवर नव्या सोसायट्यांसाठी उभं राहिलेलं एक, आणि पार होसकोटेच्या पुढचं एक छोटं. त्या होसकोटेच्या चर्चमधल्या बायका सभागृहाशेजारी बायकांसाठी संडास बांधा म्हणून कितीतरी वर्षं अर्ज करत होत्या. त्याच काळात फाटकावर ग्रॅनाइटची कमान उभी राहिली. मुलींनी दोन्ही गोष्टी एकाखाली एक लिहिल्या, एकही विशेषण न लावता. मला त्यांचा अभिमान वाटला. सिस्टरनी सगळा अहवाल दोन रात्रींत वाचला, लाल पेनानं स्वल्पविराम दुरुस्त केले आणि म्हणाल्या, "आपल्या वार्षिकात पहिला लेख हाच."

वार्षिकाचं प्रकाशन बिशपांच्या हस्ते व्हायचं होतं. त्याच्या दोनेक आठवडे आधी धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्याच, शिक्षण कार्यालयातले एक फादर कॉलेजात आले. मला सिस्टरच्या खोलीत बोलावणं आलं. फादर साठीच्या आतले, अतिशय सौम्य. त्यांच्या मांडीवर अहवालाची प्रत होती. ती त्यांच्याकडे कुणी पोचवली ते आजही मला माहीत नाही.

"सुंदर काम आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "मुली हुशार आहेत. फक्त वेळ योग्य नाही."

"यातलं कुठलं वाक्य चुकीचं आहे, फादर?" मी विचारलं. "आम्ही दुरुस्त करू."

"चुकीचं काहीच नाही."

"मग?"

ते हसले. "मॅडम, तुम्ही इथं खूप चांगलं काम करताय. पण काही गोष्टी घरातल्या असतात. तुम्ही आमच्यातल्या नाही, त्यामुळे तुम्हाला ते जाणवणार नाही. तो तुमचा दोष नाही."

मी सिस्टरकडे बघितलं. आता त्या बोलतील, निदान 'मुली तर घरातल्याच आहेत' एवढं तरी म्हणतील, असं मला वाटलं. त्या टेबलावरचा पेपरवेट सरळ करत बसल्या. फादरनी चहा संपवला, प्रत पिशवीत घातली आणि जाताना माझ्याशी हात मिळवला. कुणी 'छापू नका' असं एकदाही म्हणालं नव्हतं. तरी लेख अंकातून गेला होता.

दार लागल्यावर मी आवाज चढवला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच.

"तुम्ही गप्प का बसलात?"

"हळू बोल की गं."

"नाही बोलणार हळू. स्वल्पविराम दुरुस्त केलेत तुम्ही त्याचे. मला परकी म्हणाला तो तुमच्यासमोर."

त्यांनी चष्मा काढला. मग जे सांगितलं ते मला आधी माहीत नव्हतं. विज्ञान शाखेच्या नव्या इमारतीखालची जमीन धर्मप्रांताची होती. एम.एस्सी. सुरू करायचं तर बिशपांच्या कार्यालयाची सही हवी होती. ती फाइल दोन वर्षं तिथंच पडून होती. "आज भांडले असते तर ती फाइल अजून खाली गेली असती," त्या म्हणाल्या. "गावाकडच्या पोरी येतात. बी.एस्सी. होतात आणि घरी जाऊन बसतात. त्यांचं बघू, का हे बघू?"

"दोन्ही का नाही?"

"तू नोकरी करतीस. मी व्रत घेतलंय. आज्ञा पाळायचं व्रत."

"मुलींनी कुठलं व्रत घेतलंय?"

उत्तराला मी थांबले नाही, तडक बाहेर पडले. त्या दिवशी बसमध्ये सिल्क बोर्डच्या चौकात पाऊण तास अडकले होते. मनातल्या मनात फादरना आणि सिस्टरना दिलेली उत्तरं एकाहून एक धारदार होत होती. घरी पोचेपर्यंत ती सगळी बोथट झाली. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, त्यांची संस्था, त्यांचं वार्षिक. तू कशाला मनाला लावून घेतेस?" त्याच्याशीही भांडले.

मुलींना सांगायचं काम माझ्यावर आलं. आणि तिथं मी खोटं बोलले. पानं वाढली, लेख पुढच्या अंकात घेऊ, असं सांगितलं. चौघींनी माना हलवल्या. वेदीची वस्त्रं धुणाऱ्या बाईची मुलगी तेवढी उभी राहिली.

"मॅम, मागच्या अंकात ब्यूटी वेलनेसवर बारा पानं होती."

मी काहीतरी पुटपुटले.

"आम्ही लहान नाही," ती म्हणाली. "कुणीतरी नको म्हणालंय, एवढं सांगितलंत तरी चालेल. आईला मी सांगितलंय छापून येणार म्हणून. तिला काय सांगू, पानं वाढली?"

मग मी खरं सांगितलं. आधी खोटं बोलून नंतर सांगितलेल्या खऱ्याला जेवढी किंमत राहते, तेवढीच त्याला राहिली. ती पुन्हा कधी माझ्याशी पूर्वीसारखी बोलली नाही.

प्रकाशनाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. बिशप बोलायला उभे राहिले. विद्यापीठांनी निर्भयपणे प्रश्न विचारले पाहिजेत, सत्याच्या शोधाला श्रद्धेनं घाबरायचं कारण नाही, आणि स्त्रियांच्या सेवेशिवाय ख्रिस्तसभा एक दिवसही चालणार नाही, असं सगळं ते मनापासून बोलले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या रांगेत बसून मीही वाजवल्या. पहिल्या लेखाच्या जागी गांडूळखतावरचा एक निबंध होता.

चहाच्या वेळी मला राहवलं नाही. बिशप समोसा हातात घेऊन एकटेच उभे होते. मी जाऊन ओळख करून दिली आणि विचारलं, "आमच्या मुलींचा अहवाल आपण वाचलात का?"

"कुठला अहवाल?"

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. ते नाटक करत नव्हते. त्यांना खरंच काही ठाऊक नव्हतं. मी दोन वाक्यांत सांगितलं. ते म्हणाले, "बायकांच्या कामावर? अरे, मला पाठवा. मला वाचायचंय." तेवढ्यात शिक्षण कार्यालयाचे फादर शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी व्यवस्था करतो."

मला तिथंच ओरडावंसं वाटलं. ज्या बिशपांच्या नावानं हे सगळं झालं, त्यांना कागदसुद्धा दिसला नव्हता. वरच्याला काय आवडणार नाही याचा अंदाज खालच्यानं बांधला होता, त्याच्या खालच्यानं तो मानला होता, आणि सगळ्यात खाली मी पानं वाढल्याची थाप मारली होती.

दुसऱ्याच दिवशी मी अहवाल रजिस्टर्ड पोस्टानं पाठवला. महिन्याभरानं एक जाड कागदाचं कार्ड आलं. आपल्या कार्यास आशीर्वाद, एवढंच. सही छापील होती.

एम.एस्सी.ची फाइल काही हलली नाही. मे महिन्यात सिस्टरची बदली झाली. त्यांच्या नन्सच्या संघानं त्यांना उत्तरेकडच्या एका गावातल्या शाळेत पाठवलं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या प्राचार्येला शाळेत का पाठवलं, हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. शेवटच्या दिवशी भेटायला गेले तेव्हा त्या खोक्यात पुस्तकं भरत होत्या. वॉचमननं रिक्षा बोलावली होती आणि तो दारातून, "अक्का, टाइम आयतु," म्हणत वेळ झाल्याची आठवण करून देत होता.

"थोडं थांब," त्या त्याला कन्नडमध्ये म्हणाल्या. मग मला, "एक काम केलंय. तो अहवाल बांधून घेतला आणि ग्रंथालयात नोंदवला. छापू नका असा त्यांचा रोख होता. कपाटात ठेवू नका असं काही त्यांनी सुचवलं नाही."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर चोरून चिंच खाल्लेल्या पोरीसारखा आनंद होता. मला हसू यायला हवं होतं. मला रडायला आलं, तेही रागानं. एवढी शिकलेली बाई, एवढं मोठं कॉलेज, आणि आमची सगळी हिंमत एका बांधीव प्रतीत मावली. मी त्यांना मिठी मारली. माफ केलं की नाही, ते मला त्या वेळी कळलं नाही, आत्ताही कळत नाही. नंतर एक-दोनदा फोन झाले. त्या तिथल्या झाडांबद्दल बोलल्या.

गेल्या जुलैत नव्या तुकडीच्या मुली प्रकल्पाचे विषय घेऊन आल्या. एकीला कॉन्व्हेंटमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बायकांवर लिहायचं होतं. मी तिला म्हणाले, "विषय चांगला आहे, पण माहिती मिळायला जड जाईल. सोसायटीतल्या मोलकरणींवर का करत नाहीस? सर्जापूर रोडला भरपूर मिळतील."

"सरी मॅम," तिनं होकार भरला, आणि वहीत तिनं पहिली ओळ खोडली.

ती दारापर्यंत गेली तरी मी तिला हाक मारली नाही.